जुन्या फोर बाय फोरचं स्टिअरिंग ७० ला हादरतं: दोष शोधायला सुरुवात कुठून करायची?

चिखलवाट

गाडी जुनी आहे. पुढे-मागे सलग, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकाच दांड्याचा, अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे (लीफ स्प्रिंग), पुढे किंगपिन (चाक ज्यावर डावं-उजवं वळतं ती खुंटी). आधीच्या मालकाने लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) टाकून गाडी उचललेली आहे आणि टायरही मूळ मापापेक्षा मोठे आहेत.

६० पर्यंत काही तक्रार नाही. ६५-७० च्या दरम्यान पुलाचा सांधा किंवा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडायला लागतात. स्टिअरिंग हातातून सुटेल इतके हिसके बसतात आणि वेग ४० च्या खाली आणल्याशिवाय ते थांबत नाही. गुळगुळीत रस्त्यावर त्याच वेगाला गाडी सरळ जाते.

व्हील बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली. स्टिअरिंग डॅम्पर (हिसके जिरवणारा शॉक अब्सॉर्बर) नवा टाकला तेव्हा काही दिवस बरं वाटलं, आता पुन्हा तेच. गॅरेजवाले टाय रॉड एंड (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचं टोक), ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), बेअरिंग, स्टिअरिंग बॉक्स असं सगळंच बदलू म्हणतात. मला सुटे भाग विकत घेण्याआधी दोष कुठे आहे ते बघायचं आहे. पद्धतशीर कसं शोधायचं? मुलांना घेऊन या गाडीत बसायची सध्या छाती होत नाही.

पाना१४

शोध लागेपर्यंत ५० च्या वर नेऊच नका, एवढं आधी सांगतो. तरीही कधी झालंच तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, पण अंगठे आत अडकवू नका, बाहेर ठेवा. हिसक्याने आरा अंगठ्यावर बसला तर हाड मोडतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, मागच्यांसाठी चारही इंडिकेटर लावा आणि वेग आपोआप उतरू द्या. लागलाच तर ब्रेक हलका. वेग वाढवून त्यातून बाहेर पडायचा सल्ला काही जण देतात, तो कृपया कोणी ऐकू नका.

वंगण

टायर. निम्म्या वेळा टायरच निघतो. बॅलन्सिंग झालं म्हणून टायर चांगला ठरत नाही. आतला पट्टा सुटलेला टायरही यंत्रावर वजनं लावून बॅलन्स होऊ शकतो आणि रस्त्यावर भार आला की वाकडा पळतो.

अ‍ॅक्सल उचलून स्टँडवर घ्या, चाक हाताने फिरवा, ट्रेडशेजारी एखादी पट्टी स्थिर धरा. ट्रेड नागमोडी पळतोय का, कुठे फुगवटा आहे का, लगेच दिसतं. रिमच्या आत सुकलेला चिखल आहे का तेही बघा. मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे. फरक पडला तर टायर, नाही पडला तर पुढे बघू. खर्च शून्य.

जुनाट_लोखंड

वंगण, टायरची अदलाबदल करून बघायला माझी ना नाही. पण चिखलवाट यांनी दिलेली लक्षणं नीट वाचा. गुळगुळीत रस्त्यावर काही होत नाही, सांधा लागला की सुरू होतं आणि सुरू झालं की आपलं आपण चालू राहतं. नुसता टायर दोषी असता तर त्या वेगाला प्रत्येक वेळी थरथर आली असती आणि वेग वाढवल्यावर ओसरली असती.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक म्हणजे ठिणगी: खड्डा, सांधा, बॅलन्स नसलेला टायर. दुसरी म्हणजे ते हेलकावे जिरवायची ताकद संपलेली असणं: सैल सांधे, झिजलेले बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या), किंगपिनमधला ताण गेलेला. घट्ट गाडीला तोच खड्डा लागला तर एक धक्का बसतो आणि विषय संपतो. सैल गाडीत प्रत्येक हेलकावा पुढच्याला बळ देतो. सामानाच्या ट्रॉलीचं पुढचं चाक ठरावीक वेगाला फडफडायला लागतं, जात तीच.

सलग अ‍ॅक्सलमध्ये हे जास्त का, तेही सांगतो. एक चाक उसळलं की अख्खा दांडा कलतो, म्हणजे दोन्ही फिरत्या चाकांचे अक्ष कलतात. फिरणाऱ्या वस्तूचा अक्ष कलवला की ती काटकोनातल्या दिशेला वळू बघते, जायरोस्कोपचा नियमच आहे तो. म्हणजे अ‍ॅक्सलची वर-खाली डुलकी चाकांना डावी-उजवीकडे वळवते आणि ते वळणं पुन्हा डुलकीला खतपाणी घालतं. दोन्ही हालचाली एकमेकींना धरून वाढत जातात. तुमचं स्टिअरिंग हातात राहत नाही ते त्यामुळे.

तेव्हा ठिणगी शोधण्यापेक्षा सैलपणा शोधा. ठिणग्या रस्त्यावर कायम असणार आहेत.

अनुजा_के

टायरचा संशय आकड्यांनी तपासता येतो. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७३३ मिमी, परीघ साधारण २.३ मीटर. ताशी ७० किमी म्हणजे सेकंदाला १९.४ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण साडेआठ फेऱ्या मारतं. बॅलन्स बिघडलेला टायर सेकंदाला तितकेच धक्के देणार. ३१ इंची टायर लावला तर परीघ जवळपास २.४७ मीटर होतो आणि तेवढेच धक्के यायला ७५ चा वेग लागतो.

थोडक्यात, वेगळ्या व्यासाची चाकं लावल्यावर थरथरीचा वेग त्या प्रमाणात सरकला तर धक्के चाकातून येताहेत. चिखलवाट, जुनी मूळ मापाची चाकं पडून असतील तर लावून बघा. मात्र मोठ्या चाकाचं वजनही वेगळं असतं, त्यामुळे याला अंतिम पुरावा समजू नका.

चिखलवाट

मूळ चाकं नाहीत. पुढचे-मागचे टायर बदलून बघितले, हादरे तेच, वेगही तोच. पट्टी धरून चाकं फिरवली, टायर सरळ आहेत. आता सैलपणा कसा शोधायचा ते सांगा. घरी जॅक, स्टँड आणि पान्यांचा साधा संच आहे.

जुनाट_लोखंड

छान. आता गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे. पहिली तपासणी चाकं उचलून करायची नाही. सांध्यांवर गाडीचं वजन असतानाच त्यांचा खरा खेळ, म्हणजे ढिलेपणा, दिसतो.

एकाला आत बसवा. त्याने स्टिअरिंग घड्याळातल्या ११ पासून १ पर्यंत डावं-उजवं हलवत राहायचं, झटके न देता, सलग. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये आणि खाली असणाऱ्याने पंख्या-पट्ट्यापासून लांब. तुम्ही खाली आडवे होऊन स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत एकेका सांध्यावर हात ठेवत जा. बोट असं ठेवा की निम्मं एका भागावर, निम्मं दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटाला कळतो.

बॉक्स चेसिसवर हलतोय का बघा. बोल्ट सैल असतील किंवा चेसिसला तडा असेल तर बॉक्सच डोलताना दिसतो. जुन्या गाड्यांत त्या जागेची माती, ग्रीस, रंग खरवडून तडा शोधावाच. मग पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा हात), ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं. शेवटी पाट्यांचे डोळे (टोकाच्या कड्या), शॅकलचे बुश, पाटा आवळून धरणारे यू-बोल्ट. तुमच्या गाडीत अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे धरून ठेवायचं काम पाटेच करतात, त्यामुळे बुश गेले असतील तर स्टिअरिंग हलवताच अख्खा अ‍ॅक्सल आधी बाजूला सरकतो आणि मग चाकं वळतात.

पाना१४

यानंतर अ‍ॅक्सल उचला. जॅकवर विसंबून खाली शिरू नका, स्टँड लावा. चाक १२ आणि ६ ला धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर ड्रम किंवा डिस्क नकलशी (चाक धरणाऱ्या, वळणाऱ्या भागाशी) जखडली जाते, म्हणजे व्हील बेअरिंगचा खेळ गायब होतो. खेळ गेला तर बेअरिंग. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन, आणि ज्यांच्या गाडीत बॉल जॉइंट आहेत त्यांच्याकडे बॉल जॉइंट. ३ आणि ९ ला धरून हलवल्यावर टाय रॉडचे सांधे बोलतात.

रानभूल

वा पाना१४! ब्रेकची युक्ती माहीत नव्हती. वाचनखूण साठवली.

माझी अडचण थोडी वेगळी. हब लॉक करून (पुढची चाकं इंजिनाच्या ताकदीला जोडून) फोर व्हीलमध्ये वळताना, अगदी हळू चालवतानाही, स्टिअरिंग लयीत डावं-उजवं होतं. हेच का?

पाना१४

नाही. पुढच्या अ‍ॅक्सल शाफ्टला साधा युनिव्हर्सल जॉइंट असेल तर वळलेल्या चाकाला एकसारखा वेग मिळत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. त्याची लय हातात येते. हब मोकळे केल्यावर थांबलं तर तेच. जॉइंट खराब आहे का एवढं बघून घ्या. घट्ट बसलेला किंवा गंजलेला जॉइंट ही लय फार वाढवतो.

वंगण

डॅम्परवर कोणीच बोलत नाही. चिखलवाट, जुना डॅम्पर गेला असेल म्हणून नव्याने बरं वाटलं. नवाही हलक्या प्रतीचा असेल. जाड, गॅसवाला टाकून बघा किंवा दोन लावा. माझ्याकडे तो टाकल्यापासून गाडी शांत आहे.

जुनाट_लोखंड

याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. डॅम्पर हेलकावे जिरवतो हे खरं, आणि त्याच कारणाने तो दोष झाकतो. खाली टाय रॉड एंड झिजतच राहतो आणि वर चालकाला वाटतं गाडी बरी झाली. डॅम्परची ताकद पुरी पडेनाशी होते तेव्हा सांधा निखळायच्या बेतात आलेला असू शकतो. चिखलवाट यांच्याकडे नव्या डॅम्परने काही दिवस आराम पडला आणि दुखणं परतलं, याचा अर्थ मागचा सैलपणा वाढतोय.

माझी विनंती उलटी आहे. तपासणीसाठी डॅम्पर काढूनच ठेवा, म्हणजे काही लपणार नाही. सगळं घट्ट झाल्यावर तो परत लावा, खड्ड्याचे धक्के हाताला कमी लागतील. त्याचं काम तेवढंच.

वंगण

लपवालपवीचा मुद्दा पटला, पण डॅम्पर काढून रस्त्यावर न्यायला सांगू नका कोणाला. ते धोक्याचं आहे.

जुनाट_लोखंड

बरोबर. काढून ठेवायचा तो फक्त उभ्या गाडीच्या तपासणीपुरता.

अनुजा_के

थोडं विषयांतर. हे दुखणं मोटारगाडीइतकंच जुनं आहे. १९२० च्या दशकात पुढच्या चाकांना ब्रेक आले, कमी दाबाचे फुगीर टायर आले आणि सलग पुढच्या अ‍ॅक्सलच्या गाड्या चांगल्याच हादरू लागल्या. तेव्हापासून त्याला शिमी म्हणतात. १९३० मध्ये रोल्स-रॉईसमधून जनरल मोटर्समध्ये आलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याने यावर बरंच काम केलं आणि १९३४ च्या मॉडेलांत त्या कंपनीने पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. बसायला आराम हे मोठं कारण होतंच, पण दोन चाकांना जोडणारा दांडाच काढल्याने डुलकी आणि वळण यांची साखळी तुटली हाही फायदा होता. खडकाळ वाटेवर सलग अ‍ॅक्सलची चाकं जमीन चांगली धरतात आणि दांडा दणकट असतो, म्हणून ऑफ-रोड गाड्यांनी तो सोडला नाही. दुखणंही सोबत राहिलं.

चिखलवाट

सगळ्यांनी सांगितलेलं करून बघितलं. निकाल असा:

चाकं जमिनीवर असताना टाय रॉड आणि ड्रॅग लिंक ठीक. स्टिअरिंग बॉक्सचा एक बोल्ट सैल होता, चेसिसला तडा नाही. पुढच्या शॅकलचे बुश चपटे झालेत पण अ‍ॅक्सल सरकताना दिसत नाही.

उचलल्यावर उजव्या चाकाला १२-६ ला खेळ. ब्रेक दाबल्यावरही तसाच. डावीकडे खेळ नाही, पण टाय रॉड सोडवून नकल हाताने वळवली तर ती काही जोर न लावता गरकन फिरते आणि बरोबर सरळ स्थितीला अडकल्यासारखी होते. दोन्ही बाजूंना हेच. हे काय आहे?

कमानपाटा

इतका वेळ नुसतं वाचत होतो, आता राहवत नाही. किंगपिन बेअरिंगच आहे हे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे रोलर कपावर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) त्याच त्या जागी आपटून खाचा पाडतात. चाक सरळ आलं की रोलर खाचेत बसतो, म्हणून अडकतं. बाकी जागी ताण राहिलेला नसतो, म्हणून गरकन फिरतं. किंगपिन बेअरिंगला मुद्दाम थोडा दाब देऊन ठेवलेला असतो. तो दाब म्हणजेच नकलमधलं घर्षण आणि तेच तुमचे हेलकावे जिरवत असतं. तो गेला की हादरे आलेच.

बेअरिंग कपासकट बदला, दोन्ही बाजूंची. मग कॅपखालचे शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून दाब बसवा. टाय रॉड सुटा ठेवून, स्टिअरिंग आर्मच्या भोकात स्प्रिंगचा ताणकाटा अडकवायचा आणि नकल वळायला किती जोर लागतो ते वाचायचं. आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच घ्या, दुसऱ्या गाडीचा चालत नाही. काही गाड्यांत शिम फक्त वर असतात, काहींत वर-खाली दोन्हीकडे. दोन्हीकडे असतील तर मेळ राखून काढा, नाहीतर नकल अ‍ॅक्सलच्या मध्यातून सरकते आणि सील गळायला लागतं. नकलच्या मागचं नमद्याचं सीलही नवं टाका. धूळ अडवतं आणि थोडं घर्षणही देतं.

आणि ते लांब शॅकल. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहेत की मागच्या?

चिखलवाट

पुढच्या टोकाला. पाटे अ‍ॅक्सलच्या खाली.

कमानपाटा

मग दुसरा गुन्हेगारही तिथेच आहे. शॅकल पुढे असताना लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सल नाकाकडे झुकतो आणि कास्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) कमी होतो. शॅकल मागे असता तर उलट कास्टर वाढला असता. कास्टर कमी म्हणजे चाकांची आपोआप सरळ यायची ओढ कमी. वळणानंतर स्टिअरिंग आपलं आपण परततं का तुमचं?

चिखलवाट

नाही, हाताने आणावं लागतं. मला ते जुन्या गाडीचं लक्षण वाटायचं. अलाइनमेंटच्या कागदावर टो-इनचाच (चाकं पुढून किती आत वळलीत त्याचा) आकडा आहे, कास्टरची जागा रिकामी.

पाना१४

बहुतेक ठिकाणी असंच होतं, कारण सलग अ‍ॅक्सलला कास्टर बदलायचा स्क्रूच नसतो. घरी मोजा. सपाट जमीन, चाकं सरळ, वरच्या किंगपिन कॅपच्या सपाट भागावर कोनमापक पुढे-मागे धरा. गाडीगणिक मूळ आकडा १ ते ७ अंशांपर्यंत कुठेही असतो, त्यामुळे पुस्तकाशी ताडून बघा. मोजायच्या आधी टायरमधली हवा सारखी करा.

वंगण

मग किंगपिन आणि कास्टर एकदमच उरकून टाका ना. एवढं उघडलंच आहे.

जुनाट_लोखंड

मी आधी किंगपिन करून गाडी चालवून बघेन, मग कास्टर. एका वेळी एक बदल केला तर कशाने किती फरक पडला ते कळतं.

कमानपाटा

लोखंड, शोधताना एकेक हे मान्य. पण इथे शोध संपलाय, दोन्ही दोष सापडलेत. असे दोष एकमेकांत भर घालतात, एक ठेवून दुसरा काढण्यात काय मिळणार? आणि हे मुलांना बसवायच्या गाडीचं काम आहे. दोन्ही करा.

चिखलवाट

कास्टर पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी भरला. बेअरिंग उघडली, कमानपाटा म्हणाले तशाच खाचा, उजवीकडे गंजही. शॅकल मूळ लांबीचे लावले तर मोठे टायर घासतात. कास्टर वाढवायला पाट्याच्या बैठकीत पाचर टाकावी का?

कमानपाटा

पाचर चालेल, पोलादी घ्या. अ‍ॅल्युमिनियमची दबून-झिजून निसटते. तुमचा पाटा अ‍ॅक्सलखाली आहे, म्हणून जाड बाजू पुढे. ज्यांचा पाटा अ‍ॅक्सलवर आहे त्यांनी जाड बाजू मागे ठेवायची. उलटी बसली तर कास्टर आणखी कमी होईल. पाट्याचा मधला बोल्ट पाचरेच्या जाडीइतका लांब हवा आणि त्याचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसायला हवं.

एक भान ठेवा. कास्टर वाढवला की पिनियनचं (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो त्या टोकाचं) तोंड खाली जातं, पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. म्हणून पुस्तकातल्या आकड्याच्या पुढे जाऊ नका. तसाही जास्तीचा कास्टर हादऱ्यांना मदतच करतो. यू-बोल्ट नवेच वापरा आणि थोडं चालवून झाल्यावर पुन्हा टॉर्क करा.

बुश बदलताना डोळ्यांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चिखलवाट

काम झालं. दोन्ही बाजूंची किंगपिन बेअरिंग, सील, शॅकलचे बुश, पाचरा, नवे यू-बोल्ट. बॉक्सचे बोल्ट टॉर्कने आवळले. टो-इन परत मोजून लावला. त्याच पुलाच्या सांध्यावरून आधी ५०, मग ६०, मग ७० ने नेली. एक धक्का बसतो आणि गाडी सरळ पुढे जाते. वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून परत येतं, हे मला या गाडीत पहिल्यांदा दिसलं. कमानपाटा, लोखंड, पाना१४, अनुजाताई, वंगण, मनापासून आभार.

८५ च्या आसपास बारीक थरथर आहे, ९० ला जाते.

वंगण

आता ते माझं खातं. ठरावीक वेगाला येते आणि पुढे जाते, म्हणजे बॅलन्स. चाकं हबच्या मध्यावर बसताहेत ना? नट आडव्या-तिडव्या क्रमाने, चाक उचललेलं असताना आवळायला सुरुवात करा आणि मग परत बॅलन्सिंग.

टेकडीपलीकडे

उशिरा आलो. माझ्याकडे सलग अ‍ॅक्सलच आहे पण कॉइल स्प्रिंगवाली गाडी, पुढे पॅनहार्ड रॉड. हादरे अगदी असेच. किंगपिन नाहीत, बॉल जॉइंट तपासून झाले, ठीक आहेत. रॉडचे बुश नवे टाकलेत तरी फरक नाही.

जुनाट_लोखंड

कॉइलच्या गाडीत अ‍ॅक्सलला बाजूने धरून ठेवणारा तोच एक रॉड असतो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. बुशवर थांबू नका. स्टिअरिंग ११ ते १ हलवायला सांगा आणि बोल्टाचं डोकं ब्रॅकेटच्या तुलनेत हलतंय का ते बघा. मग बोल्ट काढून भोक बघा. सैल बोल्टाने काही काळ चाललेल्या गाडीत भोक लंबगोल झालेलं असतं, नवा बुश त्यात काही करू शकत नाही. तसं असेल तर कितीही आवळलं तरी पुन्हा सैल होणार. योग्य मापाचं भोक असलेली जाड चकती वेल्ड करून घ्या किंवा ब्रॅकेट बदला.

टेकडीपलीकडे

बोल्ट काढला. अ‍ॅक्सलकडच्या ब्रॅकेटचं भोक लंबगोल आहे आणि वेल्डच्या कडेला केसासारखी चीर दिसतेय.

जुनाट_लोखंड

चीर असेल तर चकतीचा विचार सोडा, ब्रॅकेटच बदला. तोवर गाडी जागची हलवू नका.